सहावा पुडा

चहा कसा करायचा हे मला कुणी शिकवू नये. अवसरी खुर्दला कॉलेजच्या पोरापोरींची मेस मी बारा वर्षं चालवली. चाळीस जणांचा चहा एका पातेल्यात, सगळा अंदाजानं. त्यामुळं संक्रांतीनंतर पुण्याहून कुरियरनं खोका आला आणि आत चिठ्ठी निघाली, "मावशी, सहा चवींचे चहा आहेत, पिऊन खरंखरं सांगा," तेव्हा मला हसूच आलं.

पाठवणारी माझ्याच मेसची पोरगी. चार वर्षं जेवली माझ्याकडं. आता इंजिनिअरिंग सोडून तिनं पुण्यात चहाची छोटी कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे काय, ती आणि तिची एक मैत्रीण. रविवारी दुपारची गोडाधोडाची फीस्ट झाली की आमची संध्याकाळची मेस बंद असायची. बाकीची पोरं गावाला नाहीतर मंचरला पळायची, ही मात्र चार वाजता माझ्या ओट्यापाशी येऊन बसायची. "मावशी, साखर कमी घाला ना," हे तिचं ठरलेलं. मी म्हणायची, "फिक्का चहा पाजून पावण्याला हाकलून लावायचंय व्हय?"

मेस बंद होऊन तीन वर्षं झाली. आमचे मालक वारले, त्याच वर्षी माझ्या गुडघ्यांनीही राम म्हटला. पोटी लेकरू नाही. त्या मोठ्या पातेल्यात कपभर पाणी ओतलं तर तळसुद्धा झाकत नाही. दिवसभरात घरात आवाज काय तो माझाच, आणि तोही मांजरावर ओरडताना.

पहिला पुडा लिंबाचा. आत दोऱ्याच्या लहान लहान पिशव्या. मी आपलं नेहमीसारखं दूध उकळलं, दोन चमचे साखर लोटली आणि पिशवी सोडली. बघता बघता दूध फाटलं. रविवार होता, चार वाजता तिचा फोन.

"कसा झालाय मावशी?"

"लई भारी," मी ठोकून दिलं.

ती खो खो हसायला लागली. "दूध घातलंत ना? अहो, कोराच प्यायचा असतो तो. साखरही आधीच घातलीय त्यात, थोडीशी."

कोरा! आता या पोरीला काय सांगू? आमच्याकडं कोरा चहा मयताच्या घरी पितात. त्या घरची चूल बंद असते, शेजारपाजारचे किटलीतनं आणून देतात. मालक गेले तेव्हा मीही तोच प्याले. पण खरं सांगते, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. हाताला धरून उठवायला कुणीतरी होतं. तेराव्याची जेवणं झाली, दुधाचा चहा झाला आणि जो तो आपापल्या वाटेनं गेला. त्यानंतर कोऱ्या चहाला मी हात लावला नव्हता.

तरी प्याले. पोरीनं विचारलंय म्हणून, डोळे मिटून प्याले. आणि तिला ठणकावून सांगितलं, "एका दिसात चव कळत नसती बाई. एकेका पुड्याला आठ दिस लागतील." चव काय, पहिल्या घोटातच कळते. पण सहा पुडे म्हणजे सहा रविवार, हा हिशोब मी मनात करून बसले होते.

गवती चहाचा झकास होता. जास्वंदीचा लालभडक चहा बघून मी तिला झापलंच, "गणपतीचं फूल पाण्यात बुडवून पितीस व्हय गं?" गुलाबाचा पिताना लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटलं. तुळशीचा मात्र सर्दीच्या काढ्यासारखा, तेही तोंडावर सांगितलं. शनिवारपासूनच मी काय बोलायचं ते जुळवत बसायची.

पाचवा पुडा संपला. सहाव्याचं सांगून टाकलं की संपलं. गरज सरो, वैद्य मरो. मग ती कशाला फोन करतीय? मी सहावा पुडा, संत्र्याचा, पिठाच्या डब्यामागं सारून ठेवला. एका रविवारी सर्दी झाली म्हणाले, एका रविवारी गॅस संपला म्हणाले.

मध्येच नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. परतताना आळेफाट्यावर एसटीला वेळ होता म्हणून हॉटेलात शिरले. गल्ल्यामागच्या फळीवर तेच पुडे. सहाच्या सहा, संत्र्याचासुद्धा.

"भाऊ, हे कवा आलं?"

"दिवाळीपासून हायेत की मावशी. गाडीवाली पावणं नेत्यात."

दिवाळी! आणि माझा खोका संक्रांतीनंतरचा. माझं डोकंच सणकलं. माझ्या जिभेवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं, आणि मी येडी इथं शनिवारपासून शब्द जुळवत होते! नारायणगाव येईपर्यंत मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोलले.

मंचर जवळ आलं तशी जरा निवळले. पुडे कधीचेच विकले जातायत, तर मग ही दर रविवारी बरोबर चारला फोन कशाला करते? मागं एकदा ती बोलून गेली होती, मैत्रिणीचं लग्न झालं, आता खोलीवर मी एकटीच असते म्हणून. मी तेव्हा माझ्याच नादात गुलाबाच्या चहावर बोलत सुटले होते. आठवलं आणि लाज वाटली.

रविवारी चारला फोन वाजला.

"मावशी, सहावा घेतला का?"

दिवाळीचं सगळं ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"न्हाई गं. घरात दूधच नव्हतं."

त्या चहाला दूध लागत नाही हे तिनंच मला शिकवलं होतं.

"असू दे मावशी," ती म्हणाली, "काही घाई नाही. पुढच्या रविवारी सांगा."