प्रभावतीवहिनींचे मटार

थंडी पडली की दिल्लीत घरोघरी मटार सोलतात, त्यात काही नवल नाही. पण लक्ष्मीबाई नगरात प्रभावतीवहिनींनी कुणाला "उद्या मटार सोलायला या हं" असं म्हटलं, की आम्ही समजायचो, यांचं कुठेतरी बिनसलंय.

वहिनी आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. त्यांचे यजमान दीनानाथराव एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. वरच्या मजल्यावर मी, सुनंदा. मला राग चटकन येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाकं मुरडायला नकोत.

वहिनींची पद्धत अशी. क्वार्टरपुढच्या लॉनवर उन्हात सतरंजी टाकायची, मधोमध मटारांचा ढीग ओतायचा आणि भांडणाऱ्या दोघांना ढिगाच्या दोन बाजूंना बसवायचं. हात गुंतलेले, नजर शेंगांवर. एकमेकांची तोंडं बघायची सक्ती नाही, त्यामुळे माणूस बोलायला लागतो. कॅन्टोन्मेंटमधला हवालदार गुणवंत आणि त्याची बायको असेच आले होते. त्याची आई गावी एकटी, तिला इथे आणायचं की नाही, यावरून दोघांचा अबोला. ढीग संपता संपता आई थंडी सरल्यावर येणार असं ठरलं, आणि जाताना दोघं एकाच स्कूटरवर बसून गेली. वहिनींनी मध्ये एक शब्द म्हणून उच्चारला नव्हता. फक्त कुणी आवाज चढवला की त्याच्यापुढे मूठभर शेंगा जास्त सरकवायच्या.

पण म्हणून वहिनी ज्याला त्याला मटारांवर बसवायच्या असं मुळीच नाही. कुणी नुसतंच रडायला आलं तर त्याला चहा, आणि स्वतः गप्प. कुणाचं घोडं नुसत्या आळसापायी अडलेलं असलं तर त्याला अशी झाडायच्या की तो दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागलाच पाहिजे. आणि समोरच्या ब्लॉकमधली ममता, बाळंतपणानंतर भिंतीकडे बघत बसायची ती, तिला तिच्या सासूने मटार सोलायला म्हणून आणलं. "दोघींचं पटत नाही हो, तुम्हीच काय ते मिटवा." वहिनींनी ममताकडे एकदाच पाहिलं, शेंगा बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "हे भांडण नाही, आजार आहे. सुनंदा, रिक्षा बोलाव." तिघी तश्शाच सफदरजंग हॉस्पिटलात गेलो. आज ममताची मुलगी शाळेत पहिली येते.

या सगळ्या कार्यक्रमात दीनानाथरावांचं काम एकच, मटार खायचे. हाफ स्वेटर घालून, पेपर मांडीवर घेऊन असे साळसूद बसायचे, की जसं काही त्यांचा आणि त्या पातेल्याचा संबंधच नाही. एक दाणा पातेल्यात, दोन तोंडात. मग वहिनी ओरडायच्या, "अहो, भाजीला काही ठेवाल की नाही?" पार रस्त्यापलीकडच्या ब्लॉकला ऐकू जायचं. दीनानाथराव खुदकन हसायचे आणि पुन्हा हात घालायचे. नवराबायकोचं प्रेम कसं असतं असं मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन.

मग ते रिटायर झाले. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. त्यांचा मुलगा साकेत मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत इंजिनियर. सून रसिका पुण्याची, गुडगावातल्या एका नव्याकोऱ्या कॉर्पोरेट ऑफिसात. दोघांनी लोन काढून तिथेच फ्लॅट घेतला होता, आठव्या मजल्यावर. आजूबाजूला पाच-सहा टॉवर, त्यांच्यामध्ये मोहरीची शेतं, लाइट गेली की सगळीकडून जनरेटरची घरघर. आईवडिलांना विचारलं नाही, थेट चावी दाखवली. पोराला वाटलं सरप्राइज!

मी धौला कुआँहून बस पकडून अधूनमधून जायची. पहिल्या खेपेला दीनानाथराव गॅलरीत बसले होते. दुसऱ्या खेपेलाही तिथेच. दाढी वाढलेली, पेपरची घडी मोडलेली नाही. "काय म्हणताय?" विचारलं तर "काही नाही." जेवायला बोलावलं की येणार, दोन घास खाणार, परत खुर्चीत. पहाटेच उठून बसतात, असं वहिनी म्हणाल्या.

"रुसलेत," वहिनींचा निकाल तयार होता. "तीस वर्षं बघतेय मी ह्यांचा रुसवा. विचारल्याशिवाय फ्लॅट घेतला ना, तेच बसलंय डोक्यात."

घरात प्रत्येकाचा निकाल वेगळा. साकेत म्हणाला, "मावशी, बाबांना ना, बिल्कुल कामच उरलं नाहीये. त्यांना गोल पाहिजे, टार्गेट पाहिजे." त्याच्या कंपनीत साहेबलोकांना शिकवायला एक कोच यायचा. टाय लावून तो घरी आला आणि रोज अडुसष्ट फायलींवर सही केलेल्या या माणसाला विचारतो, "सर, पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" दीनानाथराव शांतपणे म्हणाले, "कुठेच नाही." कोचाला वाटलं, काय ही विरक्ती! मी असते तर त्याचा टायच ओढला असता.

रसिकाचं म्हणणं, बाबांना मन मोकळं करायला कुणीतरी हवं, घराबाहेरचं. तिच्या ओळखीत अर्पिता म्हणून एक काउन्सेलर होती, गोड मुलगी. ती दोनदा येऊन बसली. पण बोलायला माणसात बोलण्याइतकं बळ तरी लागतं ना? दीनानाथरावांनी तिला पाणी दिलं, थंडी फार आहे म्हणाले, संपलं. जाताना अर्पिता रसिकाला म्हणाली होती, "आधी एखाद्या डॉक्टरांना दाखवा." रसिकाने ते सासूच्या कानावर घातलं तर वहिनी फाडकन म्हणाल्या, "कसले डॉक्टर? माझा नवरा वेडा नाही. बापलेकांचं भांडण आहे, मी मिटवते. चलो, मटार आणा."

मलाही निरोप आला. जानेवारीतला रविवार, गच्चीवर छान ऊन. वहिनींनी तीच जुनी सतरंजी टाकली होती. ढिगाच्या एका बाजूला साकेत, दुसऱ्या बाजूला दीनानाथराव. साकेतच्या अंगात काळा लोकरीचा कोट होता. तो दीनानाथरावांनी कॅनॉट प्लेसच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"बाबांनी दिला," साकेत म्हणाला. "घड्याळ पण दिलं. म्हणाले, मला आता काय करायचंय."

मी दीनानाथरावांच्या मनगटाकडे पाहिलं, रिकामं होतं.

साकेत बोलायला लागला. पोरगं दिल्लीत वाढलेलं, मराठी शब्द शोधत शोधत बोलत होतं, पण मनापासून. "बाबा, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. सॉरी." इतकं बोलून त्याचे डोळे भरले. वहिनींचा चेहरा उजळला, आता मिटलंच बघा असा. दीनानाथराव म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही रे." आणि पुढची शेंग उचलली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. रुसलेल्या माणसाची समजूत काढली की तो आणखी थोडा तरी फुगतो की नाही? इथे तेही नाही.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. शेंग उघडायची, दाणे पातेल्यात, साल टोपलीत. शेंग, दाणे, साल. पातेलं काठोकाठ भरलं.

मी वहिनींना ओढतच जिन्यापाशी नेलं.

"वहिनी, त्यांनी एकसुद्धा दाणा तोंडात टाकला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पातेलं भरलंय! तुमच्या घरात कधी भरलंय का पातेलं?"

वहिनी माझ्यावर अशा काही भडकल्या! मी नसते उद्योग करते, मला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय आहे, मी काय डॉक्टर लागून गेले का. मी पण ऐकून घेणारी नव्हे. "ममताला रिक्षात कुणी घातलं होतं? तिच्या सासूने? ती पण पटत नाही, पटत नाही म्हणून तुमच्याकडे आली होती."

वहिनी वळल्या. गच्चीच्या दारातून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ऊन अंगावर घेऊन, मान खाली घालून ते सोलत होते. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मटकन पायरीवर बसल्या. "दुसऱ्याच्या सुनेला एका नजरेत ओळखलं गं मी," म्हणाल्या, "आणि ह्यांना नाही ओळखलं. रोज पान वाढते मी ह्यांना." मी त्यांना जवळ घेतलं. दुसरं काय करणार? मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की मी पण रडून घेतलं.

मग वहिनींनी डोळे पुसले, गच्चीत गेल्या आणि साकेतला म्हणाल्या, "कोट काढ." तो कोट त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर घातला.

"चला. डॉक्टरांकडे जायचंय."

"कशाला?" दीनानाथरावांनी विचारलं.

"तुम्ही मटार खाल्ले नाहीत म्हणून."

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला, ओठ थरथरले. "प्रभा," म्हणाले, "मला काही चवच लागत नाही गं. कशाचीच." चारचौघांत नावाने हाक मारलेली मी तेव्हाच ऐकली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, हा आजार आहे, औषधाने बरा होतो, वेळ लागेल, एकटं सोडू नका. गोळ्या सुरू झाल्या. लगेच काही जादू झाली नाही. वहिनी सावलीसारख्या मागे. हळूहळू झोप यायला लागली. होळीच्या सुमाराला त्यांनी आपण होऊन दाढी केली. मग अर्पिताला पुन्हा बोलावलं, आणि आता मात्र दीनानाथराव तिच्याशी बोलले. ऑफिसबद्दल, रोज ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसमधल्या मित्रांबद्दल, सकाळी उठून कुठे जायचं हेच कळेनासं झालं त्याबद्दल. ती गेली की मला फोन करून सांगायचे, "सुनंदा, फार हुशार मुलगी आहे, मला बोलूच देते."

आणि गंमत ऐका. बरं वाटायला लागल्यावर ते साकेतशी खरोखरचे भांडले! पावसाळ्यात एक दिवस असे तडकले म्हणून सांगू, "तू मला न विचारता घर घेतलंस कसं? मी काय सामान आहे, उचलून आठव्या मजल्यावर ठेवायला?" साकेत घाबरून गेला. वहिनींनी मला फोन केला, तर स्वतः आनंदाने रडतायत. "सुनंदा, हे भांडतायत गं! किती छान भांडतायत!" म्हणजे भांडणही होतंच. फक्त त्याची पाळी यायची होती.

दिवाळी सरली, थंडी पडली, मटार आले. पुन्हा तीच गच्ची, तीच सतरंजी. या खेपेला बापलेक खरंच मिटवायला बसले होते. ठरलं असं, की खालच्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट दीनानाथराव आणि वहिनी भाड्याने घेणार. जवळ, पण आपलं दार वेगळं. साकेतला आधी जड गेलं, मग पटलं. बोलता बोलता दीनानाथरावांनी एक शेंग उघडली, दाणे तळहातावर घेतले, आणि टाकले की तोंडात.

आम्ही सगळेच थबकलो. वहिनींनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. दीनानाथरावांनी वाट पाहिली. आणखी एक मूठ खाल्ली. मग बायकोकडे बघून म्हणाले, "अगं, ओरडत का नाहीस? बरं नाही का तुला?"

"अहो," वहिनी म्हणाल्या, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असतानाच असा आवाज लावला की खाली मोहरीच्या शेतातल्या माणसाने मान वर केली, "भाजीला काही ठेवाल की नाही?"

त्या दिवशी भाजी झालीच नाही. आम्ही पिठलं-भात खाल्ला.