मध्येच म्हटलेलं आमेन

आधीच सांगते, मी ख्रिस्ती आहे, पण चमत्कारांपासून चार हात लांब राहणारी. सभेत कोणी उठून दर्शनाची साक्ष द्यायला लागलं की मला जांभया येतात. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय...

आम्ही कळमनुरीला राहतो. पुढच्या खोलीत माझं शिलाईकाम. नवऱ्याचं टायरचं दुकान वारंगा फाट्यावर, तो सकाळीच जातो. मग घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंना आता काही आठवत नाही. पोटच्या मुलाला "भाऊ" म्हणतात, मला "बाई". पण प्रार्थना? ती मात्र पक्की! साधा चहा आला तरी डोळे मिटून आभार मानल्याशिवाय घोट घेणार नाहीत. शेवटी दुसऱ्या कोणी मोठ्यानं "आमेन" म्हटलं की डोळे उघडणार. आणि उघडले की विसरणार — पुन्हा पहिल्यापासून! एका कपाला तीन-तीन प्रार्थना. चहा थंड आणि माझं डोकं गरम.

शेवटी मी युक्ती काढली. त्या "आजाऱ्याला बरं कर" इथवर आल्या की मध्येच दणकून "आमेन" म्हणायचं. बिचाऱ्या लगेच थांबायच्या, आणि विसरायच्या आत मी कप त्यांच्या ओठांना लावायची. कित्येक महिने असंच चाललं होतं.

त्याच काळात माझ्या डाव्या काखेत एक गाठ हाताला लागली. तुरीच्या दाण्याएवढी. माझी आई अशाच गाठीनं गेली, त्यामुळे गाठीचं नाव काढायचीही भीती वाटायची. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. लग्नसराई संपू दे, मग बघू, असं स्वतःला समजावत मशीन चालवत राहिले.

एका सकाळी दारात ब्लाउजसाठी बाया खोळंबलेल्या, त्यात दूध उतू गेलं. मी चरफडत ओटा पुसत होते, आमेन म्हणायचं राहून गेलं. सासूबाईंची प्रार्थना पुढं चालूच राहिली —

"बापा, ही बाई कोनाची हाय, मला ठाव न्हाई. पन मला चहा देती. तिच्या डाव्या काखंत गाठ हाय. कोनालाच सांगून न्हाई राहिली. लई भेव लागलं तिला. तिला दवाखान्यात ने, बापा..."

फडकं हातातच राहिलं.

"आई! तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी डोळे उघडले. "काय सांगितलं? काहून वरडून राहिली गं? चहा थंडा व्हतो. आधी प्रार्थना करू."

आणि पुन्हा पहिल्यापासून!

त्याच दिवशी मशीनवर चादर टाकली आणि नवऱ्याला घेऊन नांदेड गाठलं. तपासण्या, ऑपरेशन, पुढची औषधं — सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात." मी तिथंच ढसाढसा रडले.

नवरा म्हणतो, "तू काखेत हात लावत असशील, आईनं बघितलं असेल." कसं बघणार? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ताटातली भाकरी चाचपून शोधतात! आणि भीती? ती कशी दिसली? चर्चमधले आमचे पाळक म्हणतात, सभेत साक्ष द्या. कशाची देऊ? मला तर रागच येतो. देवाला सांगायचं होतं तर सरळ मला सांगायचं; सासूबाईंच्या तोंडून, चहा थंड करून कशाला?

आता मी शेवटपर्यंत थांबते. गिऱ्हाईक ओरडो, दूध उतू जावो. सासूबाई पाऊसपाणी मागतात, गल्लीतल्या लेकरांसाठी मागतात, "ह्या बाईला बरी ठेव" म्हणतात. गाठीचं नाव पुन्हा निघालं नाही. माझं नाव अजून त्यांना आठवत नाही.

पण एक गोष्ट जीव खाते... ते मागणं त्या एकाच दिवसाचं होतं, की त्या रोजच ते मागत होत्या आणि मी रोज मध्येच आमेन म्हणून त्यांना गप्प करत होते?