पहिल्या पॉइंटच्या आधी

"सोड, माजो!"

कोर्टावर तिचा आवाज लांबून ओळखू यायचा. दुहेरीत सगळ्यात वाईट चेंडू दोघींच्या मधून जाणारा. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहतात आणि तो निघून जातो. तिच्या बाजूला असं कधी व्हायचं नाही. ती ओरडायची आणि धावायची. सवय इतकी अंगात मुरलेली, की चहाच्या वेळी ताटलीतला शेवटचा उंडा पाव उचलतानाही तोंडातून तेच निघायचं, आणि मग स्वतःच तोंडावर हात धरून हसायची.

"टीचर, गप रवल्यार तो कोणाचोच नाय," ती मला समजावायची.

मी गोव्यातल्या कारापूरची. शाळेत खेळ शिकवते आणि सुट्टीत टेनिसच्या स्पर्धांना रेषेवर पंच म्हणून उभी राहते. तुम्ही टीव्हीवर पाहता त्या या स्पर्धा नव्हेत. इथे खेळाडू आपल्या बाटल्या आपणच भरतात, आणि महिला दुहेरीचा सामना सगळ्यात कडेच्या कोर्टावर लागतो. बघायला कोण? हरलेल्या चार मुली, एखादा प्रशिक्षक आणि सावलीला झोपलेलं कुत्रं.

ती कोरगावची. वडील किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात माळी होते. तिथल्या कोर्टावर ती पाहुण्यांचे चेंडू गोळा करायची, त्यातूनच खेळायला लागली. एकेरीत तिचं फारसं कधी जमलं नाही. दुहेरीत मात्र ती टिकली, दरवर्षी नवी जोडीदारीण शोधत, गावोगावच्या स्वस्त लॉजमध्ये राहत. वडील गेले. आईने तिला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. स्पर्धा नेहमी परमुलखात, आणि मागे काजूची बाग सांभाळायला घरात दुसरं कोणी नाही. "आवशीक वाटता, मी खंयतरी नोकरेक वता," ती हसून सांगायची. हसणं तेवढ्यापुरतंच. मग बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत बसायची.

त्या वर्षी स्पर्धा म्हापशाजवळच्या एका क्लबात आली. तिने तिशी ओलांडली होती, गुडघा कुरकुरत होता. क्रमवारीत इतकी खाली घसरली होती, की इथे अंतिम फेरी गाठली तरच पुढच्या स्पर्धांची दारं उघडी राहणार होती. नाही तर संपलं. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं.

जोडीदारीण बेळगावची, कॉलेजातली पोरगी. हिला "अक्का" म्हणायची. दोघी सुरेख खेळल्या आणि उपांत्य फेरीत पोचल्या. तेव्हा हिने घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोरगावहून टेम्पो भरून माणसं आली. पुढच्या बाकावर आई, ठेवणीतलं लुगडं नेसलेली, मांडीवर भाजलेल्या काजूंचा डबा.

त्याच सकाळी बेळगावच्या पोरीचा एकेरीचा सामना झाला होता आणि त्यात तिचा खांदा दुखावला होता. तिने कोणालाच सांगितलं नाही. चौघी कोर्टावर आल्या, सराव सुरू झाला. आमची कोरगावची समोरच्या मुलीबरोबर चेंडू मारत होती, आणि मी तुम्हाला सांगते, इतकं मोकळं खेळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक फटक्याला बाकावरून टाळ्या. आई तर डबा बाजूला ठेवून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

मग सर्व्हिसचा सराव आला. पोरीने चेंडू वर टाकला आणि हात वर गेलाच नाही. रॅकेट खाली पडली. पुन्हा प्रयत्न केला, आणि ती खांदा धरून वाकली.

ही धावत तिच्याकडे गेली. मी जवळच्या रेषेवर होते, सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, मी नुसती उभारते की. खालून सर्व्हिस करते. तू खेळ!" पोरगी रडत होती.

हिने तिचा हात कोपराशी धरून जरासा उचलून पाहिला. पोरगी ओरडली.

ही बाकाकडे बघत उभी राहिली. टेम्पोतून आलेल्या सगळ्यांकडे. मग म्हणाली, "हात तुजो. तो मोडूक मी कोण?"

"अक्का, तुझी शेवटची—"

"गप."

ती मुख्य पंचांकडे गेली आणि आम्ही खेळत नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या दोघींशी हात मिळवले. पहिला पॉइंटही न होता सामना संपला. पिशवी खांद्याला लावून ती बाकापाशी आली.

"जाली गो मॅच?" आईने विचारलं.

"जाली."

"कोण जिकला?"

"ती समोरची."

"आसू दी. तू बरी खेळलंस," आई म्हणाली आणि डबा तिच्यापुढे धरला. तिने एक काजू घेतला आणि तो हातातच धरून उभी राहिली.

बेळगावच्या पोरीचा खांदा बरा झाला. पण घरच्यांनी खेळ पुरे म्हटलं. ती आता एका कचेरीत बसते, रॅकेटला हात लावत नाही. ही काही महिने किनाऱ्यावरच्या त्याच हॉटेलात पाहुण्यांच्या मुलांना शिकवत होती. जवळच विमानतळ झाल्यावर तिथल्या जमिनींना भाव आला, हॉटेल विकलं गेलं, कोर्ट उखडून खोल्या बांधल्या. मग ती परदेशी प्रवासी बोटीवर नोकरीला गेली. पाहुण्यांचे टॉवेल घड्या घालून ठेवते. मी एकदा फोनवर विचारलं, तिथे खेळतेस का? "टीचर, हंय सगळा बरा आसा," एवढंच म्हणाली.

पुढच्या वर्षी स्पर्धा परत त्याच क्लबात आली. महिला दुहेरीच्या एका सामन्याला बाकावर एकटीच तिची आई बसलेली. मी जवळ गेले.

"मावशी, ती यंदा नाही हो."

"ठावक आसा माका. मॅच कशी आसता, ती बघूक इलंय." मग म्हणाली, "त्या दिसा ती जालीच नाय मगे?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"पोरीचा तोंड बघल्यार आवशीक कळना?"

तिने अख्खा सामना पाहिला. चौघींचं धावणं, पडणं, उठणं. टाळी एकदाही वाजवली नाही. संपल्यावर मला विचारलं, "इतको वेळ चलता?"

"हो."

"इतकी वर्सां ती अशी धावताली?"

"हो, मावशी."

खेळाडू गेल्या. माणसांनी जाळी सैल केली, खुर्च्या उचलल्या. कोरगावची शेवटची बस चुकेल म्हणून मी दोनदा हाक मारली. ती रिकाम्या कोर्टाकडे बघत बसून राहिली.