पाचवा खडा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. महाडला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो मी. अंगारे, उतारे, नजर... या सगळ्याची मला किळस येते. आणि ते मानणाऱ्यांची कीव.

त्यात पहिला नंबर बायकोच्या आत्याचा. नाते गावात राहते. पोटावर हात ठेवून दुखणं सांगते म्हणे! बाईला सही येत नाही, आणि दारात शिकलेली माणसं ताटकळत बसतात.

गेल्या वर्षी तेलकट खाल्लं की मला उजव्या बरगडीखाली कळ यायची, थेट पाठीत खांद्यापर्यंत. मी ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत होतो. शेवटी बायकोने हट्टाने आत्याकडे नेलं. तिने पोट चाचपलं, अंगणातले पाच खडे वेचून माझ्या तळहातावर ठेवले.

"जावईबापू, ह्यो ग्यास नाय. असे पाच हायेत आत. माझ्याच्यानं निघायचे नाय, डाक्टरकडं जावा. आन ह्यो बारका हाय ना, ह्याच्यावर ध्यान ठेवा."

बाहेर पडताच मी खडे भिरकावून दिले.

पुढे कळ असह्य झाली तेव्हा सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे — एकाहून जास्त, एवढंच रिपोर्टमध्ये. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खडे बाटलीत घालून दिले. चार! दुखणं गेल्यापेक्षा एक खडा कमी निघाल्याचा आनंद मला जास्त झाला.

आठव्या दिवशी, टाके ओढत असताना, रिक्षा करून नाते गाठलं. केवळ म्हातारीची जिरवायला.

"मोजा आत्या. मोजता येतं ना?"

तिने बाटलीकडे पाहिलंच नाही. माझे डोळे निरखून बायकोला म्हणाली, "बारका ऱ्हायला गो आत. ह्यांना आजच डाक्टरकडं ने."

मी टाक्यांवर हात दाबून हसलो. बायको रडली, तिलाही अडाणी म्हणालो.

दोन दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला. डोळे हळदीसारखे, लघवी कोऱ्या चहासारखी. एक बारीक खडा निसटून पित्तनलिकेत अडकला होता. पनवेलला नेऊन, घशातून दुर्बीण घालून काढला. जीव थोडक्यात वाचला.

डोळ्यांतला पिवळेपणा तिला दिसला असेल, मान्य. दुखणंही ओळखलं असेल. पण आकडा? डॉक्टर म्हणाले, योगायोग. हे उत्तर मी वर्गात कुणाचं चालवून घेत नाही, आणि माझ्याकडेही दुसरं नाही.

परवा आत्याकडे गेलो. माफी मागायची होती, ती काही तोंडातून निघेना. तिने विचारलं, "जेवता ना नीट?" मी मान हलवली. मग बायकोला पुढे केलं.

"आत्या, हिचंही पोट जरा बघा."

आत्या हसली. "तुमचा इस्वास नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. "पण बघा."