सलीमभाईंनी दिलेला संदर्भ

मित्रहो, आज माझ्या 'सुविख्यात' या विशेषणाची दिवसाढवळ्या हत्या झाली.

ऑनलाइन ज्ञानकोशात मी आमच्या बोरी अरब गावच्या बाजारावर एक अलंकृत परिच्छेद लिहिला होता. कुणा अनोळखी संपादकाने 'संदर्भ नाही' म्हणत तो विशेषणासकट उडवला.

आमचे शेजारी सलीमभाई मोटारपंप दुरुस्त करतात. ज्ञानकोशातलं संपादन माझ्याकडूनच शिकले. त्याच बाजारावरचं त्यांचं एक ओळीचं वाक्य मात्र टिकलं. पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू?

"पंडितजी, काहून तोंड पाडून बसले? संदर्भ द्या लागते ना!"

"तुम्ही कोणता दिला?"

"तुमचीच जुनी बातमी! कात्रण जपून ठेवलं होतं मी."

वाक्य असं: 'हा बाजार भोसल्यांच्या काळापासून भरतो.' खाली माझ्या वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान. आणि बातमीत मी लिहिलेलं, 'जाणकारांच्या मते'.

तो जाणकार मीच होतो. कुणालाही विचारलं नव्हतं.

सलीमभाईंना हे अजून सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांच्या वार्ताहरकीत असे जाणकार मी किती उभे केले, ते मला आठवत नाही. खरी भीती तीच आहे.