साळोखे सरांची जन्मतारीख

सामन्यापूर्वी साळोखे सर आपल्या मुलांकडे पाहत नसत. समोरच्या संघाच्या हनुवट्या पाहत. सतरा वर्षांखालील फुटबॉलमध्ये प्रत्येक शाळा वय चोरते, अशी त्यांची खात्री होती. बहारीनमधल्या आमच्या भारतीय शाळेचा संघ ते घडवत. मी कार्यालय सांभाळत असे. शिक्षकांचे व्हिसा आणि करार माझ्याकडे.

"ह्यो सतराचा?" ते कोल्हापुरी आवाजात विचारत. "साहेब, सकाळीच वस्तरा फिरलाय. ह्याला न्हाई, ह्याच्या पोराला शाळेत घालायची वेळ आलीया."

मुले हसत. मी हसत नसे. त्यांच्या हरकतींवरून त्या मोसमात तीन खेळाडू बाद झाले, हे खरे. पण दुसऱ्याच्या वयावर इतका डोळा ठेवणाऱ्याचे स्वतःचे कागद पाहावेत, असे मला वाटू लागले.

पाहिले. एक जूनला साठ पूर्ण; शाळेच्या नियमाने साठीला कोणाचाही करार समाप्त. आमचा संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला होता आणि रमजानमुळे सामना बारा दिवस पुढे, जूनमध्ये गेला होता. मुदतवाढीची शिफारस माझ्या सहीने जात असे. सर ती मागायला आले.

"खरं वय अठ्ठावन्न हाय, साहेब. शाळेत लौकर घ्यायला मास्तरांनी दोन वर्सं वाढवून एक जून टाकली. निम्मं गाव एक जूनचं हाय आमच्याकडं."

"पुरावा?"

"कागदावर माझा थोरला भाऊ माझ्यापेक्षा सात महिन्यांनी धाकटा हाय. आणि काय पायजे?"

"दोघांपैकी एकाचा कागद खोटा आहे. तुमचाच कशावरून?"

त्यांनी माझ्या हनुवटीकडे पाहिले. "बाराच दिवस, साहेब. पोरं एकटी पडतील."

मी सही केली नाही.

"खलास," ते म्हणाले आणि शिट्टी टेबलावर ठेवून गेले.

अंतिम सामना जिदहफ्स गावच्या मैदानावर झाला. सर जाळीबाहेर उभे होते. मध्यंतरात कर्णधार आदित्य धावत त्यांच्याकडे गेला. "सर, तो नंबर फाइव्ह शुअर ओव्हरएज आहे. कम्प्लेन्ट करा ना!"

"हरकत कोचनं घ्यायची असती, मर्दा. मी आता कोन न्हाई. बॉलकडं बघ."

एकच गोल झाला. तो पाच नंबरने केला.

निरोपाच्या दिवशी त्यांनी मला विचारले, "साहेब, तुमची जन्मतारीख काय वो?"

"त्याचा इथे संबंध नाही."

"म्हंजे एक जूनच," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले.

गेल्या वर्षी ते कोल्हापुरात वारले. थोरल्या भावाने पाठवलेल्या संदेशात त्यांचे वय कागदापेक्षा दोन वर्षांनी कमी होते. आता ते कमी सांगून कोणाला काहीच मिळणार नव्हते.

माझी जन्मतारीख एक जूनच आहे. माझ्या मास्तरांनी मात्र वय दोन वर्षांनी कमी लावले होते. त्या मोसमात, खऱ्या वयाने, त्या टेबलामागे मी असायला नको होतो.