नंदावहिनींचा गडी

"भावजी, चहा होतोय तोवर जरा एका पायावर उभे राहा."

नंदावहिनी माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. रोह्यात मी तेव्हा अगदी नवा होतो. धाटावच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात लागलो होतो आणि माझ्याच शिफ्टमधल्या मोरेदादांनी आपल्या शेजारची खोली मला मिळवून दिली होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चहाला बोलावलं, तर त्यांची बायको कमरेला पदर खोचून मला कसरत करायला सांगते! मी घाबरून मोरेदादांकडे पाहिलं. पेपरातून डोकंही वर न काढता ते म्हणाले, "राहा उभे. सुटका नाय. मी पण राहतो."

मी निमूट पाय उचलला. वहिनींनी गवंड्याकडे असतो तसला ओळंबा माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाल्या, "बघा, पाय वर जायच्या आधी अख्खं अंग बाजूला सरकलं. सगळ्यांचं सरकतं. पण कुणाला विचारा, ठाऊकच नसतं!" मग त्यांनी चहा दिला. त्यात साखर होती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

माझा स्वभाव मुळात दचकणारा. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या काळजाचं पाणी होतं. अशा माणसाला त्या घराचा शेजार मिळाला, हे माझं नशीब. चहा संपवून उठलो तर आतल्या खोलीच्या दाराआड कुणीतरी उभं दिसलं. माझ्या कमरेएवढं, पांढरंफटक, आणि मान नसलेलं. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "तो आमचा गडी," वहिनी म्हणाल्या. "घाबरू नका. अजून चालत नाय."

नंदावहिनी मूळच्या पेणच्या, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घराण्यातल्या. लग्न होऊन रोह्याला आल्या आणि इथल्या मंडळाला उत्सवात हलते देखावे करून देऊ लागल्या. हात जोडणारा भक्त, मान डोलावणारा उंदीर, असलं काहीबाही. पुढे कधीतरी टीव्हीवरच्या बातम्यांत जपानातला चालणारा यंत्रमानव त्यांनी पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. हाडं अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची, अंग कागदाच्या लगद्याचं, सांध्यांत भंगारातल्या जीपच्या वायपरच्या मोटारी. बॅटरी स्कूटरची. पत्र्याच्या गोल चकतीला खाचा पाडून कुठली मोटार कधी फिरायची ते बाईंनी स्वतःच ठरवलं होतं. मी डिप्लोमावाला माणूस, ती चकती बघून चाटच पडलो.

पण गडी चालत नव्हता. कारण पाहिलं आणि मला दुसरा धक्का बसला. त्याच्या दोन्ही पावलांत वहिनींनी शिसं ओतलं होतं.

"वहिनी, एवढं वजन? पाय उचलणार कसा?"

"मग पडंल ना तो! आमच्यात बूड जड ठेवतात. धक्का लागला तरी मूर्ती हलता नये."

गडी खरंच हलत नव्हता. मोटारी कण्हायच्या, आणि तो ज्या फरशीवर असेल त्याच फरशीवर राहायचा. उभं राहणाऱ्या आणि चालणाऱ्या वस्तूत फरक असतो हे पटवायला मला सबंध पावसाळा लागला. बाईंशी वाद घालणं म्हणजे काय ते मोरेदादांना विचारा. शेवटी शिसं निघालं, बॅटरी छातीतून कमरेत आली, आणि पाऊल उचलायच्या आधी कंबर दुसऱ्या बाजूला झुकावी म्हणून एक मोटार वाढली.

ती कंबर किती झुकावी, यावरून आम्ही मार खाता खाता वाचलो. एका रविवारी वहिनी मला धरमतरच्या बाजूला मिठागरावर घेऊन गेल्या. अरुंद बांधावरून बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन चालल्या होत्या. "पाटीकडे नको, कमरेकडे बघा," वहिनींनी हुकूम सोडला. भर उन्हात परक्या बायकांच्या कमरेकडे टक लावून बघायचं! मी खाली मान घातली तर त्यांनी कोपरानं ढोसलं. शेवटी व्हायचं ते झालंच.

"काय गो बाय, ह्यो बाप्या काय बघतोय आमच्याकडं?" एकीनं पाटी खाली ठेवून विचारलं.

"तुमची चाल बघतोय," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "आमच्या गड्याला शिकवायची हाय."

"गड्याला? त्याला पाय नायत?"

"हायत. अक्कल नाय."

बायका खो खो हसल्या. मग त्या बाईनं आपणहून दोनदा चालून दाखवलं. मी मात्र घरी येईपर्यंत कुणाशी बोललो नाही.

गडी आता एक पाऊल टाकू लागला. पण दुसऱ्या पावलाला तिरका झाला रे झाला की वहिनींचे हात पुढे यायचे आणि त्याला कवेत घ्यायचे. प्रत्येक वेळी. तो पुढे पडतो की बाजूला, चूक कमरेची की घोट्याची, काही कळायचंच नाही. मी चिडलो. "वहिनी, हात लावू नका! पडू दे एकदा!"

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी काहीतरी भयंकर बोलून गेलो असं मला वाटलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मोरेदादांनीसुद्धा तोवर त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांच्या असताना पेणला मूर्तींच्या कारखान्यात वडिलांच्या हाताखाली त्या काम करत. गिऱ्हाईक दारात आलेलं, तयार मूर्ती त्यांच्या हातात, आणि पाय घसरला. मूर्तीचा हात मोडला. भंगलेली मूर्ती सांधून द्यायची नाही, हा अण्णांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, नियम. ती तशीच खाडीत सोडली. अण्णा ओरडले नाहीत, मारलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्यापासून घरात आईला मदत कर."

"झालं," वहिनी म्हणाल्या. "तवापासून कारखान्यात पाय नाय ठेवला. माहेराला जाते, मागच्या दारानं जाते, मागच्या दारानं येते. मला एकदा पुढच्या दारानं जायचं हाय, भावजी. हा चालला म्हणजे ह्याला घेऊन जायचं. सांगायचं, अण्णा, माझ्या हातची मूर्ती आता स्वतःच्या पायावर उभी राहते."

एवढी वर्षं एवढ्याशा गोष्टीसाठी? एका मोडलेल्या हाताची एवढी शिक्षा असते? मला त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मोरेदादांना पदरानं ते बांधायला लावले. गडी चालला, झुकला आणि तोंडावर आपटला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पण आम्हाला हवं ते कळलं होतं: तो पुढे झुकला की पाऊल वेळेवर येत नव्हतं. मी एका निकामी थर्मोस्टॅटमधली पाऱ्याची कुपी त्याच्या पोटात बसवली. अंग पुढे कललं की पारा घरंगळून तारा जोडायचा आणि मोटार पाऊल पुढे टाकायची. तो पडायला लागायचा आणि त्या पडण्यातूनच चालायचा. "म्हंजे आपण सगळे पडतच चालतो काय?" वहिनींनी विचारलं आणि चाळभर चालत सुटल्या, स्वतःच्याच पायांकडे बघत.

वैशाखात वहिनी आणि मी आगगाडीनं पेणला निघालो. गडी पोत्यात होता, पण त्याचा एक पाय बाहेर राहिला होता. मधल्या एका स्टेशनवर चढलेल्या एका आजींनी तो पाहिला आणि "अगो माझे आये, पोर मारलान!" म्हणून जो गलका केला, त्यातून सुटेपर्यंत पेण आलं.

कारखान्यात रंगाची वाट बघणाऱ्या मूर्तींच्या रांगा होत्या, आणि मधून चालायला वीतभर रुंद वाट. नंदावहिनी पुढच्या दारातून आत शिरल्या. त्यांचा भाऊ ओरडला, "ताई, डोकं फिरलं काय तुझं? एक धक्का लागला तर वर्षाची मेहनत जाईल!" अण्णा कोपऱ्यात पाटावर बसले होते. मी राकट, करड्या म्हाताऱ्याची कल्पना केली होती. हे तर किरकोळ शरीराचे, कापऱ्या हातांचे गृहस्थ होते. वहिनींनी गडी जमिनीवर ठेवला आणि बटण दाबलं.

गडी चालला. मूर्तींच्या मधून, कमरेत झुकत, त्या मिठागरातल्या बाईसारखा. अण्णांच्या पाटापर्यंत तो जवळजवळ पोचला होता. तेवढ्यात जमिनीवर पडलेल्या ओल्या मातीच्या गोळ्यावर त्याचं पाऊल पडलं आणि तो कलला. मी धावलो, भाऊ धावला. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. गडी धाडकन पडला. मूर्तींना काही झालं नाही, पण त्याचा उजवा हात खांद्यातून तुटून अण्णांच्या पायाशी गेला.

मला तर वहिनींच्या तोंडाकडे बघण्याचीही हिंमत होईना. एवढ्या वर्षांनी पुढच्या दारानं यायचं आणि पुन्हा हातच मोडायचा!

अण्णा उठले. तो हात त्यांनी उचलला, उलटापालटा करून बघितला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग मुलीकडे न बघताच म्हणाले, "लगदा पातळ झालाय गो. नवा भिजव. सांधून टाकू."

भावानं "अण्णा?" असं म्हणून तोंड उघडं ठेवलं ते तसंच राहिलं. वहिनी कोपऱ्यातल्या घमेल्यापाशी गेल्या, खाली बसल्या, आणि कागद फाडता फाडता हमसून हमसून रडू लागल्या. अण्णा शेजारी बसून त्यांना कागद देत राहिले. माझेही डोळे वाहत होते, आणि आपण का रडतोय हे मला नीटसं कळत नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं मी एकटाच परतलो. रोहा स्टेशनवर मोरेदादा उभे होते.

"ही कुठाय?"

"कारखान्यात आहेत."

"घरी, म्हणजे माहेरी ना?"

"नाही, कारखान्यात. अण्णांनी कामाला बसवलंय."

मोरेदादा मटकन बाकड्यावर बसले.